वावरातली भाजी गेली, ती आता दारात लावू

फाल्गुन लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा शेवटचा वेचा होऊन गेलेला असतो, तूर घरात आलेली असते, हरभरा-गहू निघत असतो आणि वावरं मोकळी होऊ लागतात. याच दिवसांत बाजारातली पालेभाजीची जुडी बारीक होत जाते आणि भाव चढत जातो. चैत्र-वैशाखात तर कितीतरी मजूर घरांत आठवडाभर हिरवे पान शिजत नाही. वरण, बेसन, आलू, ठेचा आणि कांदा यांवर दिवस निघतात. पोट भरते, पण रक्त भरत नाही.

पूर्वी असे नव्हते का? गरिबी तेव्हाही होती, बहुधा जास्तच होती. पण वावर भाजी देत होते. निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत तरोटा, माठ, केना घेऊन घरी यायची. कपाशीच्या तासात आणि धुऱ्यावर अंबाडी, बरबटी, काकडी, भेंडी असायची. हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले जायचे, त्यातले काही वाळवून उन्हाळ्यासाठी मडक्यात ठेवले जायचे. ओलिताच्या कडेला चिवळ आणि घोळ आपोआप उगवायची. या भाजीला पैसा लागत नव्हता आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्याही ताटात ती येत होती. आता धुऱ्यापर्यंत तणनाशक पोहोचले आहे. ज्या पाल्याला आपण भाजी म्हणत होतो तो पंपाच्या एका फवाऱ्यात तण ठरून जळतो. भूमिहीन घराचे हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. वावरातून गेलेली भाजी आता दारात लावली पाहिजे. ती हौस म्हणून किंवा भिंतीची शोभा म्हणून लावायची नाही, घरातल्या बाईच्या आणि लेकरांच्या रक्तासाठी लावायची. आणि ती पावसाळ्यात लावून भागणार नाही. पावसाळ्यात पान कुठेही मिळते. टंचाई असते ती फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत, म्हणून खरी परसबाग या चार महिन्यांत जगवायची असते.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हेच आकडे ४८ आणि ५३.८ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात परिस्थिती सुधारली नाही, बिघडली.

रेशनवर अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळते. ते मिळालेच पाहिजे, त्यावर तडजोड नाही. पण रेशनच्या पोत्यात तांदूळ-गहू असतो, भाजी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाल्ल्या पाहिजेत. पाच माणसांच्या घराला हा हिशेब रोज दोन किलोचा होतो. रोजमजुरीवर चालणाऱ्या घराने एवढे सगळे विकत आणावे असे सांगणे म्हणजे चेष्टा आहे. निदान पालेभाजीचा वाटा घरी पिकवता येतो, आणि अंगाला सर्वांत जास्त गरज त्याचीच असते.

पालेभाजीतून लोह, फोलेट, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मिळते. मात्र पाल्यातले लोह अंगाला सहज लागत नाही. त्यासोबत लिंबू, कच्चा टमाटर, कैरी किंवा आवळा असला तर ते जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी होते. आपल्याकडे जेवण झाले की चहा ठेवण्याची सवय आहे, तो तासाभराने घ्यावा. भाजी फार वेळ शिजवू नये आणि उकडलेले पाणी फेकू नये, कारण फोलेट त्या पाण्याबरोबर जाते.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. भाजी ही दवाखान्याची जागा घेत नाही. गरोदर बाईला आणि किशोरवयीन मुलीला दिलेल्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. शिवाय विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी समाजासोबत आपल्या समाजातही आढळतो. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी रक्त कमी दिसले म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. ज्यांनी अजून तपासणी केली नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे, विशेषतः लग्नाआधी. सिकलसेलच्या रुग्णाला पालेभाजीतले फोलेट उपयोगाचे असते, पण बागेचे काम त्याने उन्हात करू नये आणि पाणी भरपूर प्यावे.

बाग किती मोठी? बादल्या मोजा

यवतमाळात उन्हाळी भाजी म्हटली की पहिला प्रश्न येतो, पाणी कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला तेव्हा यवतमाळ शहराने काय भोगले, ते कोणी विसरलेले नाही. गावागावांत बायांच्या डोक्यावरचा हंडा अजून उतरलेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेत पुरेसे आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीला जोडीला भांडवल, श्रम आणि साधने किती आहेत यावर ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. परसबागेलाही हाच नियम लावावा. जागा किती आहे हे पाहून बाग आखू नका, रोज किती पाणी उरते ते पाहून आखा. एप्रिलच्या उन्हात पाचोळ्याने झाकलेल्या एका चौरस मीटर वाफ्याला रोज साधारण पाच लिटर पाणी लागते. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब वाफा जवळपास पावणेतीन चौरस मीटरचा होतो. म्हणजे त्याला एक बादली लागते. एक बादली, एक वाफा, हा हिशेब लक्षात ठेवला तर चूक होत नाही. दोन बादल्या उरत असतील तर दोनच वाफे करा. सात वाफे आखून मार्चअखेर सगळे वाळवण्यापेक्षा दोन वाफे मेपर्यंत हिरवे ठेवणे शहाणपणाचे.

ही बादली नव्याने भरून आणायची नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी सर्वांत चांगले. आंघोळीचे पाणी, साबण बेताचा असेल तर, चालते. कपड्यांच्या सोड्याचे पाणी मात्र वाफ्यात सोडू नका. त्यातले सोडियम आपल्या काळ्या मातीचे कण विस्कटते, मग माती वरून टणक होते आणि आत हवा जात नाही. सांडपाणी मुळाशी द्यावे, पानावर ओतू नये. सांभार, पुदिना यांसारखा जो पाला कच्चा खातो त्याला स्वच्छ पाणीच द्यावे. आणि सांडपाणी बादलीत साठवून ठेवू नये, त्याच दिवशी वापरावे, नाहीतर आपणच डासांना घर करून देतो.

कोणत्या महिन्यात काय

उन्हाळ्यात वाफा जमिनीपेक्षा थोडा खोलगट ठेवावा, पाणी आतच मुरते. काळ्या मातीत कुजलेले शेणखत आणि थोडी रेती मिसळली की भेगा कमी पडतात.

फेब्रुवारीत, थंडी सरता सरता, पालक आणि मेथीचा शेवटचा पेरा करून घ्यावा, कारण ऊन तापले की पालक लवकर फुलावर येतो. याच महिन्यात भेंडी, गवार आणि बरबटी टोकावी. भेंडी दीड महिन्यात आणि शेंगा दोन महिन्यांच्या आत हाताशी येतात. दोडके, कारले, काकडी यांचा एखादा वेल कुंपणावर किंवा छपरावर चढवावा, त्याला वाफ्याची जागा लागत नाही. वांगे, टमाटर, मिरचीची दोन-चार रोपे पुरतात.

मार्चपासून खरा भरवसा माठ, अंबाडी आणि चिवळीवर ठेवावा. या उन्हाला भिणाऱ्या भाज्या नाहीत. माठ महिनाभरात खुडायला येतो आणि मुळासकट न उपटता वरून खुडला तर पुन्हा फुटतो. चिवळीचे तर काडीचे तुकडे ओल्या मातीत खुपसले तरी ती धरते. सगळे बी एकाच दिवशी टाकू नये. दर दहा-बारा दिवसांनी वाफ्याचा तिसरा हिस्सा पेरावा, म्हणजे एकदम ढीग आणि मग पंधरा दिवस काहीच नाही असे होत नाही. सांभाराचे दाणे चोळून दोन फाके करून सावलीत पेरावे.

एप्रिल-मे महिन्यांत पेरण्यापेक्षा सांभाळण्याचे काम मोठे. दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा. जुने लुगडे किंवा तुराट्यांचा ताटवा चालतो. पऱ्हाट्या मात्र दारात रचून ठेवू नका, न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात वावरात जाते. तुरीच्या किंवा सोयाबीनच्या भुशाचा चार बोटे थर वाफ्यावर अंथरला की पाणी निम्म्या वेगाने उडते. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर द्यावे. आणि सगळ्यांत जोमदार दोन झाडे खुडू नयेत, ती बियांसाठी राखावी. घरचे बी असले की पुढच्या वर्षी दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

शेवगा, ज्याला आपण मुंगना म्हणतो, तो प्रत्येक दारात एक तरी असावा. लोक शेंगा खातात आणि पाला फेकतात, खरे तर पोषण पाल्यातच जास्त आहे. वाटीभर पाला वरणात टाकला तर लेकरेही खातात. गोडनिंबाचे एक झाड न्हाणीच्या पाण्यावर आरामात वाढते.

यवतमाळच्या पाटीपुऱ्यासारख्या दाट वस्तीत परस कुठे, असे कोणी म्हणेल. तेलाचे पत्र्याचे डबे, फुटक्या बादल्या, सिमेंटची रिकामी पोती यांत माठ, सांभार, पुदिना, मिरची होते. डब्याला तळाशी भोके पाडा आणि डबा मध्यान्हीच्या उन्हात ठेवू नका. पण एक पथ्य कडक पाळा. कीटकनाशकाचा रिकामा डबा, बाटली किंवा ड्रम कितीही धुतला तरी त्यात ना झाड लावायचे, ना पाणी भरायचे.

फवाऱ्याचा पंप दारात नको

हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगावे लागू नये. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यात रोजीने फवारणीला गेलेले मजूर होते. स्वतःच्या पिकाचा एक बोंडही ज्यांच्या घरी येणार नव्हता त्यांनी ते विष अंगावर घेतले. त्या वेळी ज्या औषधांची नावे पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. या औषधाला भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ मध्येच बंदी घातलेली होती.

तरीही वावरातून उरलेले औषध घरच्या वांग्यावर मारण्याची सवय गेलेली नाही. कपाशीवर मारलेले औषध आपण खात नाही. वांगे दुसऱ्या दिवशी खातो, सांभार तर कच्चाच खातो. ज्या भाजीने रक्त वाढवायचे तिच्यातूनच विष लेकरांच्या पोटात घालायचे, हा कोणता हिशेब?

दोन वाफ्यांची कीड हाताने आवरते. अळ्या सकाळी वेचाव्यात. मावा पडला तर पानामागून पाण्याचा जोरदार हबका मारावा, थोडी चाळलेली राख भुरभुरावी. त्याने भागले नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क करावा. त्यासाठी पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळावे, पाणी एक लिटर होईल इतके घालावे, साबणाचा लहानसा चुरा टाकावा आणि संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी पिकून पडतात, तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या तर पुढच्या वसंतात कामी येतात. चार पाने किड्याने खाल्ली तर खाऊ द्यावीत. विषाशिवाय काही पिकतच नाही असे ज्यांना वाटते त्यांनी यवतमाळचेच सुभाष शर्मा यांचे काम पाहावे. रासायनिक शेती सोडून नैसर्गिक शेती उभी केल्याबद्दल त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांची शेती मोठी आहे, आपले दोन वाफे आहेत. आपल्याला तर ते अधिकच सोपे आहे.

औषधी झाडांबद्दल डोळस राहू

तुळस, गवती चहा, ओव्याचे पान, अडुळसा, कोरफड ही झाडे जरूर लावावीत. चहाला चव येते, घसा खवखवला तर बरे वाटते. पण झाड औषधी आहे म्हणजे ते कोणालाही, कितीही चालते असे नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद तज्ज्ञ सोडवतील. आपण एवढे करू की मधुमेह, रक्तदाब, कावीळ, सिकलसेल यांची गोळी बंद करून झाडाचा रस पिणार नाही. ऐकीव गोष्ट पारखून घ्यायची शिकवण आपल्याला आहे, ती काढ्यालाही लागू करू.

हंडा कोणाच्या डोक्यावर?

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. परसबागेच्या योजना आणि सल्ले नेहमी बायांनाच दिले जातात. सकाळी स्वयंपाक, दिवसभर निंदण किंवा वेचा, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि त्यात आता बागही तिनेच करायची? जी बाई रक्तक्षयाने थकली आहे तिच्याच अंगावर हे काम टाकले तर ती भाजी तिला महाग पडेल. वाफा खणणे, शेणखत आणणे, संध्याकाळची बादली घालणे ही कामे घरातल्या पुरुषांनी आणि तरुण पोरांनी करावीत. आणि भाजी शिजली की ती आधी पुरुषांच्या ताटात आणि उरली तर बाईच्या, हेही थांबले पाहिजे. समतेवर आपण व्यासपीठावरून बोलतो. ताटात आणि हंड्यात ती किती उतरली, हेही पाहू या.

दोन वाफ्यांनी गरिबी हटेल असे मी म्हणत नाही. मजुरी वाढली पाहिजे, नळाला पाणी आले पाहिजे, अंगणवाडीतला आहार नीट मिळाला पाहिजे, यासाठी आवाज उठवतच राहावा लागेल. पण त्या लढाईचा निकाल लागेपर्यंत घरातल्या मुलीचे रक्त वाट पाहत थांबत नाही.

विहारांच्या आवारात बहुतेक ठिकाणी थोडी मोकळी जागा असते. तिथे रोपांचा एक वाफा करता येईल. एका पेटीत माठ, अंबाडी, बरबटी, भेंडीचे गावरान बी ठेवावे. ज्याने मूठभर नेले त्याने हंगामानंतर दोन मुठी परत आणाव्यात. यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना एखाद्या रविवारी बोलावता येईल. १४ एप्रिलला आपण मोठ्या उत्साहाने जयंती साजरी करतो, त्या दिवशी ज्या घरांत गरोदर बाई किंवा लहान लेकरू आहे त्या घरांना शेवग्याचे एकेक रोप द्यावे. पाण्यावर ते जगवले तर पावसाळ्यात ते स्वतःच्या मुळावर उभे राहील.

या आठवड्यात एवढेच करा. घरातून रोज किती बादल्या सांडपाणी वाया जाते ते मोजा, तेवढेच वाफे खणा आणि पहिल्या वाफ्यात माठ पेरा. महिन्याभरात भाजी चुलीवर असेल. तिचा पहिला वाढा घरातल्या बाईच्या ताटात पडावा.